पावर वाटायचा रविवार

सुपरहिरोला नेमक्या कोणत्या शक्ती लागतात, या विषयात अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं सुदाम राठोडचं ठाम मत होतं. ते खोटंही नव्हतं. जिल्ह्यात दुसरं कोणी त्या वाटेला गेलंच नव्हतं.

सुदामचा औंढ्याला कॉम्प्युटरचा क्लास. तिथंच त्याला या खेळाचा नाद लागला. चार-पाच जणांनी कोंडाळं करून बसायचं, प्रत्येकानं मनानं एक सुपरहिरो व्हायचं, संकट आलं की आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशांवर ठरवायचं. संकटं आणणारा आणि शक्ती वाटणारा तो खेळाचा चालक. चालक अर्थातच सुदाम! नियमांच्या पुस्तकात शक्ती ढीगभर होत्या. सुदामनं त्या धान्यासारख्या पाखडल्या, मुंग्यांशी बोलणं, भिंतीला चिकटणं असला कोंडा उडवून दिला आणि सुपात तीनच ठेवल्या: उडणं, अचाट ताकद आणि जखम आपोआप भरून येणं.

"एवढ्या नसल्या तर हिरो कसला? तो तर नुसता नवरदेव!" असं तो बायकोला सांगायचा.

"आधी गिरणीतून दळण आणा," निता म्हणायची.

खेळायला पहिला गडी मिळाला तो धम्मदीप, कळमनुरीकडच्या एका शाळेवर मास्तर. रविवारी सुदामच्या तांड्यावरच्या घरीच बसायचं ठरलं. तांड्यावर मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, गोठ्यामागच्या उकिरड्यावर. तिथं चढून, धम्मदीपला फोन लावून सुदाम ओरडला,

"पावर माझ्या हातात हाये! माणशी दोनच देणार! ज्याला पाहिजे त्यानं रविवारी सकाळी घरी यावं! मागून बोंबललेलं मी ऐकणार न्हाई!"

उकिरड्याच्या पलीकडं शेजारचे वसरामकाका शेळ्या सोडत होते.

आता झालं होतं असं, की तांड्याच्या शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, दिवाळीच्या सुमारास जळाला होता. मोटारी विहिरींवर सासरी रुसलेल्या सुनांसारख्या गप्प बसल्या होत्या. हरभरा घाटे धरायच्या बेतात आणि पाणी नाही! आणि शेतातल्या विजेला इकडं कोणी वीज म्हणत नाही. पावर म्हणतात.

वसरामकाकांनी शेळ्या तशाच सोडल्या आणि तांडाभर फिरून आले.

रविवारी सकाळी सुदाम अंगणात चादर अंथरून, रंगीत फासे मांडून बसला, तर फाटकातून माणसं आत येऊ लागली. आधी वसरामकाका, मग धिप्पाड मोहनसिंग, मग बाया, मग म्हातारे. पाच मिनिटांत अंगण लग्नघरासारखं भरलं. सुदामची आई जिवनबाई चहाचं आधण वाढवत बसली.

"एवढे लोक काहून आले हो?" निता कुजबुजली.

"चांगल्या गोष्टीचा वास लागतोच," सुदाम म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. एवढे खेळाडू पुण्यातसुद्धा एका जागी जमत नसतील!

"बोला काका, तुमाला कोणती पावर पाहिजे?"

"दिवसाची दे बाबा. रातीची नको."

"रात्रीची काहून नको? खरं काम रात्रीच असतं!"

"रातीला शेतात पडून पडून कंबर मोडली. साप हायेत, रानडुकरं हायेत!"

"म्हणजे अंधार ही तुमची कमजोरी. लिहून घेतो."

"लिही. समदे लिहूनच घेतेत!"

मोहनसिंग पुढं सरकला. "आपल्याला ताकद पुरी पाहिजे. मागच्या बारीला नुसती कण्हत होती."

"ताकद तर घ्यायलाच पाहिजे! मी म्हणतच होतो!" सुदामला आपली निवड अशी आपसूक सिद्ध होताना पाहून धन्य वाटलं. "बराबर हाये. आणि भागूबाई, तुमी?"

"मला पाणी पाहिजे," भागूबाई म्हणाली. "विहिरीतलं वर येऊ दे, बस."

पाण्यावर हुकूम! ही शक्ती आपण कोंड्यात कशी काय टाकली, असं सुदामला वाटून गेलं.

"मिळेल! समद्यांना मिळेल!" तो म्हणाला. "पण आधी एकेकानं फासे टाका. ज्याचं दान मोठं त्याला जास्त पावर."

वसरामकाकांनी एक फासा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"फासे टाकून?" वसरामकाका म्हणाले. "तुमच्या हापिसात असं ठरून राहिलं व्हय!"

तेवढ्यात धम्मदीप मोटारसायकल लावून आत आला. त्यानं गर्दी पाहिली, दोन वाक्यं ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"अरे सुदाम, त्यांना लाईट पाहिजे! डीपी पाहिजे!"

सुदामनं खेळ समजावून सांगितला. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. उडणाऱ्या माणसापाशी येईपर्यंत तो आवाज फक्त फाशांनाच ऐकू जात होता.

"मी भाड्याचं डिझेल इंजिन वापस करून आलो!" मोहनसिंग गरजला. "पावर येऊन राहिली म्हणून! मालकानं ते लगेच दुसऱ्याला देऊन टाकलं! आता माझ्या हरभऱ्याला पाणी कोण पाजणार? तुझा उडणारा माणूस?"

सुदामचे वडील भावसिंग खाली मान घालून बसले होते. ते एकच वाक्य बोलले, "तांड्याला आशेला लावलंस पोरा, आता तूच लाईटीच्या साहेबांशी जाऊन बोल."

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली गेली. सुदामला सगळ्यांत पुढं बसवलं. धम्मदीप मित्र म्हणून आला, पण कडेला बसला.

सबस्टेशनवर एकटा ऑपरेटर होता. साहेब नव्हते. साहेब सोमवारी नसायचे, गुरुवारी नसायचे, मग रविवारी कुठून असणार! एवढी माणसं पाहून ऑपरेटर घाबरला आणि त्यानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, तांड्याची ट्रॉली भरून माणसं आली. संगं कोणीतरी पावर वाटणारे साहेब हायेत... व्हय, लोकच म्हणून राहिले तसं... देतो." त्यानं फोन सुदामच्या हातात कोंबला.

खोटं बोलायचं नाही, असं सुदामनं ट्रॉलीतच ठरवलं होतं.

"नमस्कार सर. कोणाला किती पावर द्यायची ते मीच ठरवतो, पण सर, ते फक्त खेळा..."

रेंज गेली.

पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तर साहेबांचा फोन व्यस्त. साहेब त्या वेळी नांदेडपासून परभणीपर्यंत सगळीकडं विचारत होते, की वरून कोण आलंय आणि सुटीच्या दिवशी तांड्यावर कशाला फिरतंय!

मंगळवारी डीपी आली. नवी कोरी! खांबावर चढली आणि दुपारी मोटारी सुरू झाल्या. मोहनसिंगनं पाण्यात उभं राहून नारळ फोडला. वसरामकाकांनी सुदामच्या गळ्यात हार घातला. सुदाम "काका, मी काहीच केलं न्हाई" म्हणत राहिला, तसतशी त्याची किंमत वाढत गेली.

बुधवारी साहेब स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"वरचे साहेब कुठं उतरले आहेत?"

तांड्यानं एकमुखानं सुदामकडं बोट केलं. सुदामच्या अंगात बनियन होतं आणि डोक्यावर दळणाचा डबा. डबा खाली ठेवून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी रेंजची अडचण नव्हती. साहेबांनी डीपीकडं पाहिलं. ती आता काढून नेता येत नव्हती, तांडा सगळा खांबाखालीच उभा होता. शेवटी ते बाजेवर बसले. जिवनबाईनं चहा दिला. पेढे वाटले गेले.

बराच वेळ बशीत फुंकर मारल्यावर साहेब म्हणाले, "आणि त्या तुमच्या खेळात माणसाला एकदम गायब बियब होता येतं का?"

"येतं की सर! देऊ का तुमाला?" सुदाम हरखून म्हणाला.

"ती कशाला देतो?" वसरामकाका म्हणाले. "साहेबाजवळ ती पहिल्यापासूनच हाये. दोनातली एक झाली. दुसरी विचार."

नियमानं वसरामकाकांचं बरोबर होतं. सुदामनं दुसरी विचारली.