राजे आउटरवर थांबलेत

आमच्या गल्लीत नाताळ उजाडेपर्यंत ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणायला बंदी आहे. बंदी सरकारची नाही, समोरच्या लोबोंची. इग्नेशियस लोबो, निवृत्त स्टेशनमास्तर. आम्ही इथं राहायला आलो त्या वर्षी मी शेजारधर्म म्हणून केक घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि तोंड भरून शुभेच्छा दिल्या. त्यांनी केककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “रावरे, स्वल्प तडीरी. सिग्नल नाही.”

स्वल्प तडीरी म्हणजे जरा थांबा. आमच्या घराण्यानं म्हैसुरात इतक्या पिढ्या काढल्यात की आमचं मराठीच अर्धं कन्नड आहे, तेव्हा अर्थ कळला. फक्त हातात केक धरून किती थांबायचं ते कळेना. विचारलं, तर म्हणाले पंचवीस तारखेपर्यंत. केक मी घरी येऊन खाल्ला.

लोबोंचा हिशेब सरळ होता. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, वाट बघायचे दिवस. गाडी मागच्या स्टेशनातून सुटलीय, एवढंच आपल्याला ठाऊक. तेव्हा फलाट झाडा, कंदील पुसा, पण गाडी आल्याची घंटा बडवू नका. मंडी मोहल्ल्यातल्या दुकानांत नोव्हेंबरातच कागदी तारे लटकायला लागले की ते छत्रीचं टोक ताऱ्यांकडे रोखून म्हणत, “बघा, लाइन क्लिअर नसताना गाडी आत घेतायत.”

त्यांच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं कडं असे आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटायची. गुलाबीचा मान तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी कुस्वाराचा, म्हणजे त्यांच्या नाताळच्या फराळाचा डबा एकदाच उघडे आणि प्रत्येकाला एक नेवरी मिळे. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची मंगळुरी बहीण. माझा हात दुसऱ्या नेवरीकडे वळला की डबा बंद. “ती मालगाडीनं येणार, रावरे.”

सणांच्या बाबतीत मात्र माणूस उदार. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक संत वाटून दिला होता, जातधर्म न विचारता. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून मला प्रवाशांचा संत ख्रिस्तोफर मिळाला. मी बंगळूरला जायचं म्हणून गाडीत बसून उलट दिशेच्या नंजनगूडला उतरलेला माणूस आहे, हे त्यांना माहीत होतं. बहुधा म्हणूनच दिला. बायकोला संत मार्था, येणाऱ्याजाणाऱ्याचं करणारी. ज्याच्या संताचा फेस्त, म्हणजे सणाचा दिवस असेल त्याच्या दारात लोबो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून हजर, आणि मग कॉफी ओघानं आलीच.

पण त्यांचा खरा कारभार तीन राजांचा. नाताळच्या देखाव्यात बाळ येशूला भेटायला उंटावरून येणारे ते ज्ञानी राजे. लोकांकडे ते पहिल्या दिवसापासून गोठ्याशेजारी उभे असतात. लोबोंना हे मंजूर नव्हतं. राजे लांबून आले, सहा जानेवारीला पोचले, मग आधीच तिथं कसे? गोठ्यासाठी भाताचा पेंढा ते के. आर. नगरहून मुद्दाम आणवत. तो त्यांच्या दिवाणखान्यात पसरलेला असे आणि राजे मात्र आमच्या घरी.

कारण राजे पूर्वेकडून आले आणि, लोबो म्हणाले, तुमचं घर आमच्या पूर्वेला. मी भूगोलाचा मास्तर, मान डोलावली.

तेव्हापासून दर डिसेंबरात राजांचा मुक्काम आमच्या रेडिओवर पडू लागला. लोबो रोज संध्याकाळी येत, उंट वीतभर पुढे सरकवत आणि “आज इथंच आउटरवर थांबतील, स्टेशनाबाहेर” असं जाहीर करून खुर्चीत बसत. रेडिओवरून शोकेस, तिथून गणपतीचा कोनाडा. शुक्रवारी बायको गणपतीबरोबर उंटांनाही कुंकू लावी. लोबो म्हणत, लावा अक्का, परदेशात पाहुणचार नाकारू नये. मग कॉफी, मग के. आर. नगरच्या बाजूच्या कुठल्याशा स्टेशनात फलाटावर आलेल्या म्हशीची गोष्ट. ती म्हैस दर वर्षी थोडी मोठी होत असे.

यंदा लोबोंचा गुडघा सुजला. काठी टेकत गल्ली ओलांडताना पाहून मला दया आली, आणि मला दया आली की काहीतरी बिघडतंच. तिसऱ्या रविवारच्या आधीच मी तिन्ही राजे उंटांसकट पिशवीत घातले, त्यांच्या घरी नेले आणि पेंढ्यावर ओळीनं मांडले. वर म्हणालो, “घ्या लोबोअण्णा, एक्सप्रेसनं पोचवले. आता रोज यायची दगदग नको.”

त्यांनी ‘सिग्नल नाही’ म्हटलं नाही. नुसतं “थँक्स, रावरे,” म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही. बायकोनं कॉफी तीन माणसांची केली आणि तिसरा पेला माझ्यापुढं आपटला.

“काय केलंत तुम्ही?”

मी माझं पुण्यकर्म सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सकाळी पायरीवर बसून पेपर वाचता, तेव्हा ऊन कुठनं येतं हो?”

“समोरून. लोबोंच्या कौलांवरून,” मी म्हणालो.

सूर्य रोज लोबोंच्या घरामागून उगवत होता. पूर्वेला घर त्यांचं होतं. आमचं पश्चिमेला. आणि मी त्या उजेडात बसून मुलांच्या भूगोलाच्या वह्या तपासत होतो.

“लोबोअण्णांची बायको, रेजिनाबाई होत्या तेव्हा राजे त्यांच्याच स्वयंपाकघरातून निघायचे,” ती म्हणाली. “त्या गेल्या, त्या डिसेंबरात ते आपल्याकडे आले राजांना घेऊन. अहो भूगोलपंडित, आणा ते परत.”

मी गेलो. राजे पेंढ्यावर मी ठेवले तसेच होते. लोबो खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. तिसरा रविवार होता, टेबलावर गुलाबी मेणबत्ती तयार होती, कुस्वाराचा डबाही, पण डब्याला हात लागला नव्हता.  मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, “अण्णा, चूक झाली. सिग्नल नसताना गाडी आत आणली. मागे घ्यावी म्हणतो.”

त्यांनी पाय खाली घेतले. मग म्हणाले, “नियमानं मागेच घ्यायला पाहिजे.”

मी पिशवी घेतली, त्यांनी डबा काखोटीला मारला. एका हातात काठी, एका हातात माझा खांदा, अशी आमची मिरवणूक गल्ली ओलांडून आली. बायकोनं कॉफीचं पातेलं चढवलं. मी राजांना गणपतीच्या कोनाड्यात पूर्वीच्या जागी ठेवलं. लोबोंनी वाकून पाहिलं, पहिला उंट उचलला आणि माझ्या नजरेसमोर वीतभर मागे ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

“मागे?” मी विचारलं.

“पुढे रुळांचं काम काढलंय, रावरे,” लोबो खुर्चीत बसत म्हणाले. “यंदा गाडी बरीच लेट आहे.”

आणि डबा उघडून त्यांनी मला दुसरीही नेवरी दिली.