खालच्या मजल्यावरचा कंपनी कायदा

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी इंग्रजी शिकायचं ठरवलं, ते हौसेने नव्हे. आमचा दारं-खिडक्यांचा कारखाना टोरंटोच्या लोकांनी विकत घेतला आणि पहिल्याच पत्रात कळवलं की यापुढे कंपनीचे ठराव, सभांची टिपणं, नोंदवह्या सगळं इंग्रजीत. एकतीस वर्षं हे काम मी फ्रेंचमध्ये करत आलोय. कोणी कधी तक्रार केली नाही (कोणी कधी वाचलंही नाही). आता कंपनी कायद्याच्या इंग्रजी शब्दांची परीक्षा द्यायची होती, मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी.

पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर सल्ला होता की नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घरातल्या वस्तूंना चिकटवा, येता-जाता पाठ होतील. मारिएलने फ्रिजवरची पहिली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात हे नको. खाली जा."

खाली म्हणजे तिच्या आईकडे. घर मादाम लाशांस यांचं. खालचा मजला त्यांचा, वरचा आमच्याकडे. नोव्हेंबर ते एप्रिल त्या फ्लोरिडात असतात आणि त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे. मी त्यांना सासूबाई म्हणतो, पण मनातल्या मनात. मारिएल आणि मी सत्तावीस वर्षं एकत्र राहतोय, लग्नाचं मात्र राहूनच गेलं. तेव्हा कायद्याने मी त्यांचा कोणीही नाही, आणि हे त्या विसरत नाहीत. चर्चच्या पायऱ्यांवर कोणी विचारलं, की हनुवटीने माझ्याकडे दाखवून म्हणतात, "हा मारिएलचा मित्र."

तर खालच्या मजल्यावर मी चिठ्ठ्या लावत सुटलो. मोठ्या कपाटाला अ‍ॅसेट्स. जेवणाच्या टेबलाला कोरम. टेलिफोनला नोटीस. भिंतीवरच्या घड्याळाला टर्मिनेशन. पलंगाला लिक्विडेशन. दिवंगत सासऱ्यांच्या फोटोला स्लीपिंग पार्टनर. महिनाभरात पासष्ट पिवळ्या चिठ्ठ्या झाल्या आणि घराला कांजिण्या आल्यासारखं दिसू लागलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, म्हणजे माझ्या अकलेचं माप तुम्हाला मिळेल. सहा वर्षांपूर्वी सासरे गेले. दफनाहून परतल्यावर पाचही मुलं याच घरात जमली आणि पुढे भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या गोल कागदी टिकल्या हव्या त्या वस्तूंना लावल्या, म्हणजे आई गेल्यावर ती वस्तू त्याची. इकडे तशी रीतच आहे, फक्त इतर घरांत आई-बाप दोघंही जाईपर्यंत थांबतात. सासूबाई आरामखुर्चीत बसून बघत होत्या. थोरल्या मुलाने, नॉर्मांने, त्या बसलेल्या खुर्चीच्या हातालाच निळी टिकली लावली. सगळे गेल्यावर भाजीच्या सुरीने त्यांनी एकेक टिकली खरवडून काढली. खुर्चीच्या हातावर गोल डाग अजून आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. मारिएलच्या हिरव्या टिकल्यांचा कागद त्या दिवशी मीच धरून उभा होतो.

परीक्षेच्या आदल्या सोमवारी सासूबाई आल्या. मैत्रिणीच्या गाडीत जागा मिळाली म्हणून दोन आठवडे आधी, न कळवता. मी कामावरून आलो तेव्हा त्यांची बॅग चिखलाळलेल्या बर्फात उभी होती आणि दार उघडं होतं. आत त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या, अंगात कोट, मांडीवर संत्र्यांची जाळी.

"रेजाँ, मी मेले का रे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही, मादाम."

"मग कळवायचंस तरी. मी तिथेच थांबले असते."

"मादाम, हे शब्द आहेत. परीक्षेचे."

"लिक्विडेशन. डिसोल्यूशन. सक्सेशन." त्या एकेका चिठ्ठीकडे बोट दाखवत गेल्या. "सक्सेशन म्हणजे वारसा, एवढं कळतं मला." (कायद्याच्या इंग्रजीतले निम्मे शब्द इंग्रजांनी आमच्या फ्रेंचमधूनच उचललेले आहेत. इतके दिवस मला याचा आनंद होत होता.)

मारिएल धावत खाली आली. "अगं आई, तो खरंच अभ्यास करतोय."

"हा? सत्तावीस वर्षांत बाहेरचा जिना दुरुस्त केला नाही याने, आणि अभ्यास करतोय? तुझ्या टिकल्या हिरव्या होत्या ना गं? संपल्या वाटतं, म्हणून पिवळ्या आणल्यात."

मग त्यांनी फोन उचलला (नोटीस त्याला लोंबत होती) आणि खरेदीखतं करणाऱ्या नोटरीकडे गुरुवारी दोनची वेळ घेतली. घर विकायचं. नदीकाठच्या वृद्धाश्रमात खोली घ्यायची. तिथे सगळं सामान दुसऱ्याचं असतं, त्याला कोणी टिकल्या लावत नाही.

वर आल्यावर मारिएल रडली. म्हणाली, "घर गेलं तर जाऊ दे. पण मी तिच्या मरणाची वाट बघत होते असं समजून ती तिकडे जाऊन राहिली, तर मला सहन व्हायचं नाही. तू घातलेला घोळ आहे, तूच निस्तर." मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल, आणि मला तशा संधी पुष्कळ मिळालेल्या आहेत.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी चिठ्ठ्या काढायला खाली गेलो. सासूबाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही. अभ्यास म्हणतोस ना? बस. परीक्षा मी घेते. एक जरी शब्द चुकलास, तर गुरुवारी मी नोटरीकडे."

मी बसलो. त्यांनी चष्मा लावला.

"कोरम."

"सभा भरायला कमीत कमी जितकी माणसं लागतात ती."

"टेबलाला का?"

"तुम्ही आल्याशिवाय रविवारी कोणी जेवायला बसत नाही म्हणून."

त्यांनी ती चिठ्ठी काढून खिशात टाकली. "स्लीपिंग पार्टनर. माझ्या नवऱ्याला?"

"भागीदार असतो, मादाम, पण कारभारात लक्ष घालत नाही."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. "कधीच घातलं नाही."

"लिक्विडेशन."

"कंपनी मोडीत काढून असेल नसेल ते वाटून टाकणं."

"माझ्या पलंगावर?"

"तेवढी एकच जागा उरली होती, मादाम."

"उशी होती की."

"उशीला चिकटत नव्हती."

हे दोन दिवस चाललं. मधे वाटाण्याचं सूप दोनदा गरम झालं. मारिएल मागच्या जिन्यात बसून ऐकत होती. बुधवारी संध्याकाळी शेवटची चिठ्ठी राहिली, आरामखुर्चीच्या हातावरची.

"गुडविल," त्या म्हणाल्या.

"कारखाना विकताना यंत्रं मोजता येतात, इमारत मोजता येते. पण गिऱ्हाईक इतकी वर्षं त्याच दाराशी का येतं, ते मोजता येत नाही. त्याला गुडविल म्हणतात."

"इथे का लावलीस?"

हे उत्तर पुस्तकात नव्हतं. "खाली तो डाग आहे ना, मादाम. अभ्यासाला बसलं की समोर यायचा. बघवत नव्हता."

त्यांनी चिठ्ठीवर अंगठा ठेवला, पण ती काढली नाही. मग म्हणाल्या, "आता एक माझा. अ‍ॅज इज."

हा शब्द कुठल्या तरी पुढच्या धड्यात असणार.

"नाही येत," मी म्हणालो.

"फ्लोरिडात जुनी गाडी घेतली तेव्हा काचेवर लिहिलं होतं. जशी आहे तशी घ्या. पुढे खडखडली तर रडत यायचं नाही. वीस वर्षं तीच चालवतेय मी."

"म्हणजे चुकलो."

"चुकलास." त्या उठल्या, फोनपाशी गेल्या आणि नोटरीच्या घरचा नंबर फिरवला. "लाशांस बोलतेय. उद्याचं राहू द्या. घरात परीक्षा आहे."

मारिएल खाली येऊन आईच्या गळ्यात पडली. मीही दोन पावलं पुढे झालो होतो, पण माझ्या हातात सूपचं भांडं देण्यात आलं.

गुरुवारी सासूबाईंनी माझ्याच उरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि स्वतःच्या हाताने नावं लिहून वस्तूंना लावल्या. "माझं मी लावते. म्हणजे कोणाला खरवडायला नको." घड्याळ नॉर्मांला. टेबल आणि कपाट मारिएलला. मी मागून चिठ्ठ्यांचा गठ्ठा धरून चालत होतो आणि चोरून माझं नाव शोधत होतो. एका कुंडीलासुद्धा नव्हतं. पाच महिने पाणी मी घातलं होतं. मित्राला कोण काय देणार, असं स्वतःला सांगितलं, पण वाईट वाटलंच.

शुक्रवारी सकाळी मात्र त्या दारापर्यंत आल्या. माझी कॉलर नीट केली आणि पाठीवर दोनदा थोपटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

परीक्षा घ्यायला टोरंटोहून एक उंच बाई आल्या होत्या. त्यांनी मला फळ्यावर उत्तरं लिहायला लावली. वीस प्रश्न. एकोणीस झाले तेव्हा पास व्हायला एक गुण कमी होता. बाई थोडं थांबल्या आणि विचारलं, "अ‍ॅज इज म्हणजे काय?"

मी गाडीसकट, खडखडाटासकट, रडत यायचं नाही इथपर्यंत सगळं लिहिलं. पास झालो.

"योगायोग बघा," मी हात मिळवताना म्हणालो, "हा शब्द परवाच शिकलो."

"योगायोग नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी हात लांबवून माझ्या पाठीवरून काहीतरी सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "मी तो इथूनच घेतला."

पिवळी चिठ्ठी होती. सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: मारिएलला. अ‍ॅज इज.

त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर फ्लोरिडाच्या मैत्रिणीने माझ्याबद्दल विचारलं. सासूबाईंनी हनुवटीने दाखवलं आणि म्हणाल्या, "हा मारिएलच्या वाटणीचा."

मैत्रिणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालतो का?"

"चालतो," सासूबाई म्हणाल्या. "पण घरी आलीस तर वर मागच्या जिन्याने चढ. बाहेरचा याने अजून दुरुस्त केलेला नाही."