शेवग्याच्या भाजीचा प्रगत टप्पा

घोडबंदर रोडच्या मागे लिओचं मत्स्यतळं आहे. खाद्य महागलं म्हणून त्याने त्यात शेवग्याच्या पाल्याची थोडी भुकटी मिसळली. चिलापी मासे टुणटुणीत झाले आणि नेमका श्रावण लागला. गिऱ्हाईक बंद. महिनाभर असंच चाललं तर तळंच विकावं लागणार होतं.

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरकाका श्रावण कडक पाळतात. फक्त तो त्यांना सोसत नाही.

"लिओ, तुझे मासे खातात काय रे?"

"शेवग्याचा पाला, काका."

"अरे, म्हणजे शाकाहारीच की!"

तातडीची सभा भरली. पाला खाणारा मासा हा शेवग्याच्या भाजीचाच प्रगत टप्पा समजण्यात यावा, असा ठराव आला. "बोकडपण पालाच खातो," तिसऱ्या मजल्यावरचा मुकुल म्हणाला. बोकडाचा विषय पुढील सभेकडे वर्ग करून ठराव एकमताने मंजूर झाला.

खजिनदार सुहासिनीकाकूंनी उपसूचना मांडली. "त्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी असते. श्रावणात भेसळ नको. आधी शंभर टक्के पाला, मगच खरेदी."

"काकू, नुसत्या पाल्यावर मासा वाढत नाय."

"श्रावणात वाढायचं कशाला?"

लिओने नुसता पाला टाकला. सोमवारी माशांना उपास, साबुदाणा चालेल. तळ्यावर पाहणी समिती बसली. एक मासा डासाची अळी गिळताना आढळला, तेव्हा त्याला रीतसर कारणे दाखवा नोटीस बजावून ती पाण्यात सोडण्यात आली. ती त्याने खाल्ली. कागद झाडापासूनच होतो, हे लक्षात घेऊन समितीने प्रकरण मिटवलं.

श्रावण अर्ध्यावर येईतो भुकेल्या मोठ्या माशांनी लहान मासे फस्त केले. तळ्यात उरले मूठभर, पण गलेलठ्ठ.

"हे आता मांसाहारी झाले," काकांनी जड अंतःकरणाने जाहीर केलं. ठराव रद्द.

लिओ डोक्याला हात लावून बसला. मग एकेक जण एकेकटा येऊ लागला. काका, काकू, समितीचे सदस्य. भाव कोणी विचारेना, लिओ मागेल ते देत. पिशवी काळी हवी, एवढीच अट. मूठभर माशांवर लिओचं तळं वाचलं.

शेवटचा मासा कोणी नेला, ते तो सांगत नाही. "नाव नका विचारू यार. बाहेरचं गिऱ्हाईक होतं. सोसायटीवाल्यांची ही सगळी गोष्ट ऐकून तुमच्यासारखंच खो खो हसलं, आणि मग इकडेतिकडे बघून म्हणालं, जरा झाकून दे."