पहिला मान

पावसाळ्यात ढगांमुळे समुद्र दिसत नाही, म्हणून त्याची हिरवळ मोजणारा उपग्रह दरवर्षी खाली येतो आणि आमच्या होड्यांच्या रांगेत शाकारून ठेवला जातो. आम्हीच ठेवतो. वर झावळ्यांचे झाप, खाली ओंडके, अंगाला मोरी माशाचं तेल. तेल त्याला आवडत नाही. वास येतो म्हणतो. आमच्यात राहायचं तर वास येणारच.

त्याचं काम साधं आहे. कुठल्या मोसमात पाणी कुठे हिरवं होतं ते वरून बघायचं आणि कचेरीत कळवायचं. हिरवळ आली की ती खायला तारली आणि बांगडा येतो, आणि बांगड्यामागून आम्ही. एवढ्यासाठी वर जायची काय गरज, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तुम्हाला तुमची खाडी दिसते. मला अख्खा समुद्र दिसतो." शिष्ट आहे. पण बोलायला बरा. बाकीचे सगळे मोबाइलात.

आमच्या बंदराचा नियम आहे. जी होडी आधी वर ओढली, ती नारळी पौर्णिमेला आधी पाण्यात जायची. तिच्या पुढे कोणी घुसला तर वर्षभर त्याच्या जाळ्याला कोणी हात लावत नाही. यंदा ढग लवकर आले, उपग्रह सगळ्यांच्या आधी उतरला. पहिला मान त्याचा.

मला घाई होती. जाळ्याची गाठ हल्ली मला दिसत नाही. मुलगा दिगू म्हणाला होता, "बाबा, एवढा एक हंगाम या. पुढल्या वर्षी घरी बसा." घरी बसून काय करू? बायकोच्या भांड्यांना नावं ठेवू?

पौर्णिमेला नारळ सोडला, उपग्रहावरचे झाप काढले. तो म्हणाला, "मी जात नाही. वर अजून ढग आहेत. जाऊन काय बघू?"

"मग आम्ही काय करायचं?" दिगूने विचारलं.

"थांबा."

"बांगडा थांबतो होय?" मी म्हटलं.

"पाणी सगळ्यात हिरवं आत्ताच असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि नेमकं आत्ताच मला दिसत नाही. ऐन मोसमातली हिरवळ मी कधी धड बघितलेलीच नाही."

भिकाजी कोयंडे आमच्या बंदराचा पंच. माझ्याहून म्हातारा, माझ्याहून खवट. तो म्हणाला, "पहिली जागा हलल्याशिवाय दुसरी हलत नाही." झालं. सगळं बंदर वाळूवर बसलं. शेजारच्या गावच्या होड्या बांगड्याने जड होऊन समोरून जायच्या आणि आम्ही बघायचो. हंगाम चालला होता. माझा तर शेवटचा.

शेवटी उपग्रहाच्या कचेरीतून परुळेकरबाई आल्या. भिकाजीने त्यांना नियम समजावला. "मान जागेचा असतो बाई. मालक आजारी असला तर त्याच्या जागी दुसरा बसला तरी चालतं."

"म्हणजे याच्या जागी दुसरं कोणी वर गेलं तर चालेल?"

"चालेल. जो वर जाईल त्याच्या जागेवर हा होडीत बसेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिगू म्हणाला, "बाबांना तशीही गाठ दिसत नाही."

"लांबचं दिसतं का?" बाईंनी मला विचारलं.

"ती बाहेरची होडी बघा. पुढच्या टोकाला नाळेवर बसलेला डाव्या हाताने विडी ओढतोय."

बाईंना होडीच दिसत नव्हती. "हिरवा-निळा वेगळा कळतो?"

"बाई, मी काय बैल आहे?"

"मग हरकत नाही."

बायको म्हणाली, "स्वेटर घ्या. आणि वर कोणाशी भांडू नका."

"वर आहे कोण भांडायला?"

"तुम्ही शोधाल."

होडी लोटतात तसंच सगळ्यांनी खांदा लावून मला वर लोटलं. मागोमाग होड्या पाण्यात गेल्या.

इथे वर बसायला जागा आहे. कचेरीतून रोज विचारतात, हिरवळ किती? मी सांगायचो, ढग. ते म्हणायचे, ठीक आहे, तोही हेच सांगायचा.

काल ढग जरा फाटले. आमच्या खाडीपासून पार खाली केरळापर्यंत पाणी हिरवं होतं. अख्खा समुद्र दिसतो हे खरं आहे, पण हे मी त्याला सांगणार नाही. मधोमध आमची होडी होती. माझ्या जागेवर तो बसला होता, काठावरून वाकून पाण्यात बघत. जाळं ओढायला उठतसुद्धा नव्हता. दिगू त्याला काहीतरी बोलत होता. मला बोलायचा तेच असणार.

कचेरीने विचारलं, "हिरवळ किती?"

"भरपूर."

"नक्की कुठे?"

"दिगूला म्हणावं, जरा बाहेर घे. बांगडा तुझ्या डाव्या हाताला आहे."

दिगूने होडी वळवली. मी बघितलं.

मग ढग पुन्हा मिटले. पुढच्या पावसाळ्यात खाली येईन तेव्हा रांगेत पहिला मान माझा. तेलाचा वास मला चालतो.