दोन्हीकडचे नाना

आमचे जमिनीचे एजंट दगडूनाना उसाशी मोठमोठ्याने बोलतात. काय बोलतात? टोमॅटोचे भाव, पावण्यांची लफडी, कालची सिरियल, काहीही. पिंपळवंडीच्या शिवारात बिबट्या कुठल्या सरीत बसला असेल सांगता येत नाही, आणि माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो, अशी नानांची खात्री. हातात घुंगरू बांधलेली काठी. आपण जरा थांबलो की ती आपटून म्हणणार, "बोलत ऱ्हावा राव! गप ऱ्हायला तो मेला!"

मी जन्माचा भित्रा. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, सगळा फंड काढला आणि एवढासा प्लॉट घ्यायला निघालो. प्लॉट उसाच्या पल्याड, नानांच्या घराच्या वाटेवर. नानांनी तो मला अकरा वेळा दाखवला, दर वेळी दिवस मावळताना. मग मी त्यांच्या दारापासून पलीकडच्या रस्त्याला जाऊन जीप पकडायचो. सौद्याचं विचारलं की "मालक इचार करतोय," एवढंच नानांचं उत्तर. भीतीने माझ्या तोंडाला धरबंध राहायचा नाही. बायकोला तिथला कडुनिंब आवडलाय, मालक अडलाच तर मी भावात किती वर चढू शकतो, सगळं त्यांना सांगून बसलो.

खरेदीखताच्या दिवशी तालुक्याला रजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर नंबरची वाट पाहत होतो. शेजारी जमिनीचे मालक किसनभाऊ. आमची ही पहिलीच भेट. तंबाखू मळत ते सहज म्हणाले, "नाना आमचाच माणूस. आमच्या जिमिनीचं समदं तोच बघतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक त्यानंच आणलं."

ज्याच्या कानात मी माझा शेवटचा आकडा घातला, तो मालकाचाही एजंट! आयुष्याची पुंजी पणाला, आणि पुढे दोनच नंबर बाकी.

"नाना, तुम्ही यांचेही?"

नाना गप्प. इतक्या महिन्यांत त्यांना गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

"व्हय," शेवटी म्हणाले. "दोन्हीकडनं. आधी सांगाया पायजे व्हतं."

"माझा वरचा आकडा यांना सांगितलात ना? खतात तोच घातलाय?"

"कसला वरचा?" किसनभाऊ चक्रावले. "पयल्या दिशी तुमी जो आकडा बोलला, त्यालाच आमी दुसऱ्या दिशी व्हय म्हणलं. तुमीच इचार करताय, असं नाना सांगत व्हता. शेवटी मीच दम दिला, तवा आजची तारीख लागली."

म्हणजे उरलेल्या दहा वेळा मला त्या उसातून कशाला नेलं?

नाना घुंगराशी चाळा करत होते. "आमची मंडळी व्हती तवर फाट्यावर यायची न्यायला. दोघं बोलत जायचो. आता येकट्याला त्या वाटंनं लई भ्या वाटतं राव. सौदा झाल्यावर तुमी कशाला आला असता?"

मला भयंकर राग आला. कारकुनाकडून आकडा दोनदा वाचून घेतला, मगच सही केली.

आता आम्ही त्याच प्लॉटवर घर बांधून राहतो. नानांवर अजून माझा पुरता विश्वास नाही. त्यांनी आणलेला साधा कागदही मी तीनदा वाचतो. पण दिवस मावळला की उसाच्या कडेने त्यांचा एकट्याचा आवाज येतो. कधी तो मधेच थांबतो. तेव्हा मी कुंपणापाशी धावतो आणि घसा फाडून ओरडतो, "बोलत राहा, नाना! मी ऐकतोय!"