जांभळ्या शर्टातला संशयित

फौजदारसाहेबांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं खुद्द फौजदारसाहेबच सांगत! साध्या कपड्यांत हिंडायचं, गर्दीत मिसळायचं आणि नेमका गुन्हेगार हुडकायचा, हे त्यांचं काम. ठाण्यात त्यांना 'घार' म्हणत. घरी मात्र या घारीने लग्नाचा एक वाढदिवस धड साजरा केला नव्हता. ताटं वाढली की फोन वाजे आणि साहेब हातातला घास टाकून पळत.

"यंदा फोन नाही आणि पिस्तूलही नाही," बायकोने बजावलं. "नाहीतर मी एकटी जेवेन. सवय आहेच मला."

"दोन्ही ठाण्यात ठेवून येतो. शब्द!"

बायको इतकी खूश झाली की तिने त्यांना नवा जांभळा शर्ट आणला. जन्मभर करडे शर्ट वापरलेल्या साहेबांनी तो न बघताच अंगात चढवला. मग फोन पायमोज्यात सरकवला आणि पिस्तूल कमरेला खोचलं. जित्याची खोड!

हॉटेलच्या दारावर पाटी होती: 'शस्त्र घेऊन आत येण्यास सक्त मनाई.' ओळखपत्र दाखवलं असतं तर मॅनेजरने सलाम ठोकून आत घेतलं असतं. पण बायको शेजारीच उभी! असल्या पाट्या आपल्यासाठी थोड्याच असतात, असं मनाशी म्हणत साहेब आत शिरले.

त्यांनी बायकोसाठी खुर्ची ओढली. संसारात पहिल्यांदाच! वाकताना शर्ट वर सरकला आणि वेटरला पिस्तूल दिसलं. तो ट्रे सावरत मॅनेजरकडे धावला, मॅनेजरने ठाण्याला फोन लावला. साहेब त्याच हॉटेलात जेवायला गेलेत, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचा पायमोजा गुरगुरू लागला!

"पाय काय हलवताय?"

"मुंग्या आल्यात."

"इतका वेळ एका जागी बसलात ना, म्हणून!" बायको खळखळून हसली आणि लग्नाआधीची कुठलीशी गंमत सांगू लागली. साहेबांच्या कानात एक अक्षर शिरेल तर शपथ. शेवटी हात धुण्याचं निमित्त करून ते उठलेच.

"साहेब, तुमच्याच हॉटेलात पिस्तूलवाला घुसलाय!" हवालदार फोनवर ओरडला. "जांभळा शर्ट, मागून टक्कल. बरोबर एक बाई आहे. मॅनेजर म्हणतो, बाई फार आनंदात आहे, बिचारीला काही कल्पनाच नाही!"

"नालायक कुठला! मी बघतो!"

घारीची नजर टेबलांवरून फिरली. आनंदात असलेली बाई हुडकायची होती. एक नवऱ्यावर चिडली होती, एक पोराला दटावत होती. स्वतःच्या टेबलाकडे साहेबांनी पाहिलंच नाही. तिथे काय बघायचं? तिथे तर आपली बायको!

तेवढ्यात कोपऱ्यात वांगी रंगाचा शर्ट दिसला. त्यातल्या गृहस्थाने खिशात हात घातला मात्र, साहेबांनी पिस्तूल उपसलं.

"हात वर!"

गृहस्थाने रुमालासकट हात वर केले. पाठोपाठ सगळ्या हॉटेलने केले! त्याच क्षणी दार ढकलून हवालदार शिपायांसह आत घुसला.

"जांभळा शर्ट, हात वर!"

साहेबांनी खाली, स्वतःकडे पाहिलं. मग मुकाट्याने हात वर केले.

"अरे देवा! साहेब, तुम्ही?" हवालदार बायकोकडे वळून सारवासारव करू लागला. "वहिनी, चूक त्या मॅनेजरची. बरोबरची बाई फार आनंदात आहे म्हणाला. मग हे आमचे साहेब असतील, अशी शंका तरी कशी येणार?"

"त्याने बरोबरच सांगितलं, भावजी," ती म्हणाली. "होते मी आनंदात."

साहेबांनी हात खाली घेतले. "अगं, ऐक ना..."

"बाहेर थांबा. पाटी वाचलीत ना? मी जेवून येते."

साहेब पाटीखाली उभे राहिले. काचेतून बायको दिसत होती. समोरची खुर्ची रिकामी होती आणि ती सूप नुसतंच ढवळत होती. ती आता आनंदात नाही, हे घारीला एवढ्या लांबूनही अचूक दिसलं. फार वाईट वाटलं त्यांना.

पायमोजा पुन्हा गुरगुरला. साहेबांनी फोन उचलला नाही. पण हे बघायला समोर कोणीच नव्हतं!