सावळवेढ्याचं अडलेलं पान

सावळवेढ्यात सगळं गाव एकच पुस्तक वाचतं, आणि शेवटच्या माणसाचं वाचून होईपर्यंत कुणाच्याच पुस्तकाचं पान उलटत नाही.

ही सोय सार्वजनिक वाचनालयाची. पाडव्याला माणशी एक प्रत मिळते. आपलं पान वाचून झालं की त्याचा खालचा कोपरा मऊ पडतो, शिळ्या भाकरीला वाफ दिल्यासारखा. सगळ्या गावाचे कोपरे मऊ पडले की पान सुटतं. तोवर ओढा, थुंकी लावा, काही उपयोग नाही. बाहेरगावी जाणारा माणूस पुस्तक पिशवीत घालून जातो. धडा अर्धा असताना कुणी लग्नाचा मुहूर्त काढत नाही. पान फारच अडलं तर लोक आधी आजारी माणसांना भेटून येतात, आणि त्यांची तब्येत बरी दिसली की मग बाकीच्यांकडे संशयाने बघतात.

ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचं. दुपारी वाचनालयाच्या ओसरीवर ग्रंथपाल घोलपबाई मोठ्याने वाचतात आणि ऐकणारे हं म्हणतात. हं म्हटल्याशिवाय ऐकणं धरत नाहीत. ओळ मात्र सुटी सांगायची नाही. सांगायचं तर अख्खं पान, वरपासून.

कांचन या गावात लग्न होऊन आली तेव्हा माप ओलांडून झाल्यावर तिने उखाणा घेतला, आणि उखाण्यानंतर रीतीप्रमाणे तिच्या हातात पुस्तक दिलं. तिच्या वाट्याला आलेलं पहिलंच पान जमिनीच्या सरकारी मोजणीचं होतं. सातवी शिकलेली मुलगी, अंगावर शालू, आणि पुढ्यात असले शब्द. तिला घाम फुटला. सगळं वऱ्हाड जेवायचं थांबलं होतं. तरी तिने ते वाचलं. त्यानंतर तिच्यामुळे गावाचं पान कधी अडलं नव्हतं.

यंदा अडलं.

यंदाच्या पुस्तकात मैनी नावाची मुलगी होती. चार वर्षांची, म्हणजे कांचनच्या चिऊएवढीच. चिऊसारखीच बोबडी, आणि चिऊसारखीच पायाला भिंगरी. आता कांचनचा जीव मुळातच घाबरा. चिऊच्या पायात तिने घुंगरू बांधलेलं होतं. हौदाच्या झाकणावर पाटा ठेवला होता आणि पाट्यावर वरवंटा. घरात काम करता करता ती मधूनच हाक मारायची, "चिऊ." चिऊ जिथे असेल तिथून म्हणायची, "ओ." ओ यायला जरा उशीर झाला की कांचनच्या हातातलं भांडं खाली पडायचं. गल्लीत भांडं पडल्याचा आवाज आला की लोक म्हणत, चिऊ झोपली असणार.

तर त्या पानावर मैनी शेळीच्या पिलामागे पळत पळत विहिरीवर गेली. पिल्लू पायऱ्या उतरलं. मैनी पायऱ्या उतरली. कांचनने तिथवर वाचलं आणि शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. अंगठा दिवसभर ठेवता येत नाही, स्वयंपाक असतो. म्हणून तिने टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या ओळीवर एकेका शब्दाला एकेक टिकली चिकटवून टाकली. मग पुस्तक मिटून तांदळाच्या डब्यात खाली घातलं.

वाचलंच नाही तर मैनी पायरीवरच राहील. पायरीवर उभ्या असलेल्या पोरीला काही होत नाही. एवढा साधा हिशोब होता.

थोडे दिवस गेले. पान सुटेना. मग घोलपबाई घरोघर कोपरे चाचपत निघाल्या. त्या डोळे मिटून चाचपतात. कांचनकडे आल्या, पुस्तकावरचे तांदूळ झटकले, कोपरा बोटात धरला. कडक. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना टिकल्या दिसल्या. वाचनालयाच्या पुस्तकावर साधी रेघ मारली तरी घोलपबाई आठवडाभर बोलत नाहीत. पण या खेपेला त्या रागावल्या नाहीत. चिऊच्या गालाला हात लावला, पुस्तक मिटलं आणि निघून गेल्या. जाताना वहाण घालायलाही त्यांना वेळ लागला, कारण उजवा हात त्यांनी सारखा पुढे धरला होता.

ते कांचनने आधीही पाहिलं होतं. गावात सगळेच हल्ली उजवा हात जरा पुढे धरून असत. दूधवाला डाव्या हाताने दूध मापायचा. तिचा नवरा गोरख टेम्पो चालवतो, तोही एका हाताने चालवू लागला होता, आणि झोपेतही त्याचा हात खाटेबाहेर लांबलेला असायचा. विचारलं तर म्हणायचा, "असाच राहतो." काहीतरी साथ असेल, असं वाटून तिने चिऊच्या हाताला तेल लावायला सुरुवात केली होती.

घोलपबाईंनी वाचनालयाच्या समितीला एवढंच कळवलं की कोपरा कांचन गोरख वाघचौरे यांचा आहे. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष डांगेअण्णा आले. अण्णांची सारी नोकरी एसटीच्या डेपोत गाड्या सोडण्यात गेली होती, आणि पुस्तकाकडेही ते गाडी म्हणूनच बघत. ते खुर्चीवर बसले, हात पुढे धरला आणि म्हणाले की, शब्द अडला असेल तर अर्थ समजावून देण्याची तरतूद आहे.

"लाजू नका सूनबाई. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला अवघड शब्द अडतात. आम्हालाही अडतात. आम्ही फक्त सांगत नाही."

कांचनने मान खाली घातली आणि होय म्हटलं, शब्दच अडलाय. खरं कारण सांगण्यापेक्षा अडाणी ठरणं सोपं होतं. एका पोरीच्या जिवापुढे सातवी काय नि दहावी काय. मग अण्णांनी रोज एकेक मास्तर पाठवला. मास्तरांनी तिला पायरी म्हणजे काय ते समजावलं. शेवाळ म्हणजे काय ते समजावलं. शेळीच्या पिलाला करडू म्हणतात हेही सांगितलं. कांचनच्या माहेरी अकरा शेळ्या होत्या, पण तिने मन लावून ऐकलं आणि सगळ्यांना चहा केला. कोपरा कडकच राहिला.

शेजारच्या शकूचं लग्न खोळंबलं. मांडववाला येऊन जाऊन विचारू लागला. शकूची आई कांचन दिसली की मोठा सुस्कारा सोडायची. शकू मात्र एकदा कुंपणावरून म्हणाली, "वहिनी, घाई नाही हं. तो मुलगा घोरतो असं कळलंय." रस्त्यात लोक गोरखचा टेम्पो थांबवून चौकशी करत. तो सांगायचा, चाललंय वाचन. घरी आल्यावर मात्र तिला काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला की, आपलं माणूस आपल्याला कळत नाही असं लोकांना वाटतंय, ते तेवढं बरं नाही वाटत.

शेवटी समितीने ठराव केला की, कांचनला ऐकणाऱ्यांत धरावं. डांगेअण्णा तिच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि वरपासून पान वाचू लागले. आवाज डेपोतला, गावाच्या वेशीवर जाणारा. कांचनने मिक्सर लावला. अण्णा खालच्या ओळींवर आले की ती मिक्सर लावायची, अण्णा थांबले की बंद करायची. आत खोबरं होतं, शेंगदाणे होते, ते संपल्यावर कारळं. चटणी एवढी झाली की गल्लीत घरोघरी वाटावी लागली. अण्णांनाही वाटीभर दिली, आणि त्यांनी ती चांगली झाल्याचं सांगितलं.

त्या दिवसांत कांचन कशालाच हं म्हणाली नाही. न जाणो, कुठल्या तरी हं-ला ऐकणं धरतील. चहा देऊ का, हो. पाणी आलं का, आलं. चिऊ मांडीवर पडून माऊ आणि चिमणीची गोष्ट सांगायची, तीही कांचन मुकाट्याने ऐकायची. चिऊ रुसायची. "आई, हं म्हण ना. तू हं म्हणत नाहीस तर माझी चिमणी पुढे जात नाही."

मग एक दिवस ठकूमावशी आली. ठकूमावशी पालेभाजी विकते आणि रोज दुपारी ओसरीवर बसून ऐकते. हं म्हणणाऱ्यांत तिचा पहिला नंबर. तिने डोक्यावरची पाटी डाव्या हाताने कशीबशी उतरवली. उजवा हात पुढेच.

"चाकवत घेतेस?"

कांचनने घेतला. मावशी तिथेच उंबऱ्यावर टेकली. हिच्या तोंडून काही निसटेल म्हणून कांचनचं लक्ष मिक्सरकडे गेलं.

"राहू दे ते यंत्र," मावशी म्हणाली. "ओळ मी सांगणार नाही. नियम मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहेत. मी विचारायला आले. तुला वाटतं ना, ती पोर पायरीवर उभी आहे?"

कांचनने मान हलवली.

"तुझ्या पुस्तकात उभी असेल, बाई. आमच्या पुस्तकात नाही. आम्ही तुझ्यापुढे एक ओळ आहोत." मावशीने आपला हात वर केला. "हे काय आहे असं वाटलं तुला? साथ? सगळं गाव हात लांबवून बसलंय, कांचन. पण पोर पानापलीकडं, आणि आम्ही अलीकडं. तू तिला राखत नाहीस. तू तिला लोंबकळत ठेवलीस."

कांचनने हाक मारली, "चिऊ." हौदापाशी बसलेली चिऊ म्हणाली, "ओ."

तिने तांदळाच्या डब्यातून पुस्तक काढलं आणि मावशीशेजारी बसून नखाने पहिली टिकली सोडवली. तिच्याखाली लिहिलं होतं, 'मैनीचा'. काढलेली टिकली तिने आपल्या मनगटावर लावली. दुसरीखाली 'पाय'. इथे ती थांबली. मावशी दुसरीकडे बघत राहिली. मग 'शेवाळावरून'. हा शब्द तिला मास्तरांनी समजावून दिलेला होता. शेवटची टिकली घट्ट बसली होती, कडेने निघेना. ती निघाली आणि खाली 'सरकला' असा शब्द निघाला.

कांचनचा उजवा हात पुढे गेला. तिने नेला नाही, तो गेला. आता सगळ्या गावाचा हात पुढे होता.

कोपरा मऊ पडला. सावळवेढ्यात एकदम सळसळ झाली. कपाटांवरून, टेम्पोतून, दुकानांतल्या पैशांच्या गल्ल्यांवरून. वारा नव्हता. मावशी म्हणाली, "वाच. मी इथेच ऐकते." कांचनने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं की, मागून आलेल्या आजोबांनी मैनीचा हात धरला.

"हं," ठकूमावशी म्हणाली, आणि तिचा हात तिच्या मांडीवर पडला. गल्लीत, बाजारात, बँकेत सगळ्यांचे हात खाली आले. दूधवाल्याच्या हातून किटली पडली, कारण आता दोन्ही हात मोकळे असल्याची त्याला सवय राहिली नव्हती. कांचन मात्र पुढे वाचत होती. आजोबांनी मैनीला वर ओढून घेतलं. करडूही आपलं आपण वर आलं. आणि शेवटच्या ओळीच्या आधी आजोबा पायरीवर टेकले, आणि त्यांना दम लागला.

शकूचं लग्न ठरल्या मुलाशीच ठरल्याप्रमाणे होईल असं जाहीर झालं, फक्त धडा संपू दे.

पण पान पुन्हा सुटेना. घोलपबाई पुन्हा निघाल्या. या खेपेला कांचनचा कोपरा मऊ होता. गोरखचा मऊ होता. घोलपबाई सगळं गाव फिरून संध्याकाळच्या सुमाराला वाचनालयात परत आल्या आणि अध्यक्षांच्या टेबलावरचं पुस्तक त्यांनी डोळे मिटून चाचपलं.

डांगेअण्णांनी चष्म्याचा नंबर बदलल्याचं कारण दिलं. समितीने ते नोंदवून घेतलं. डेपोत कधी एक गाडी उशिरा न सोडलेला माणूस, त्यामुळे कुणी उलट विचारलं नाही. काहीजण तब्येत बघायला मात्र जाऊन आले.

कांचनने दुसऱ्या दिवशी डब्यात कारळ्याची चटणी भरली. चिऊच्या पायातलं घुंगरू सकाळी तुटलं होतं, ते बांधायला बसलं तर उशीर झाला असता, म्हणून तशीच तिला घेऊन निघाली. अण्णा अंगणात बसले होते. मैनीच्या आजोबांच्याच वयाचे, एकटेच असतात. पुस्तक मांडीवर होतं आणि शेवटच्या ओळीवर त्यांनी एसटीची जुनी तिकिटं ओळीने लावून ठेवली होती.

"शब्द अडलाय," अण्णा म्हणाले.

"अवघड असतात," कांचन म्हणाली. "आम्हालाही अडतात."

चिऊ अंगणातून परसाकडे पळाली. कांचनने तिकडे पाहिलं. परसात काय आहे, आड आहे का हौद, तिला माहीत नव्हतं. ती उठली नाही. खाली जोत्यावर बसली आणि डबा बाजूला ठेवला.

"अण्णा, तुम्ही वरपासून वाचा. मोठ्याने. मी ऐकते."

"तुमचं वाचून झालंय, सूनबाई. तुम्ही ऐकणाऱ्यांत बसत नाही."

"नाही बसत," ती म्हणाली. "नुसती हं म्हणते."

अण्णांनी याला तरतूद आहे का ते थोडा वेळ आठवून पाहिलं. मग चष्मा पुसला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली, पण आवाज डेपोतला नव्हता, शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढा होता. आजोबांनी मैनीचा हात धरला.

"हं," कांचन म्हणाली.

आजोबांनी मैनीला वर ओढलं.

"हं."

अण्णा तिकिटांपाशी आले आणि थांबले. कांचनने घाई केली नाही. "चिऊ," तिने हाक मारली.

ओ यायला उशीर झाला. अण्णांनी पुस्तकावरून मान वर केली. दोघं परसाकडे बघत राहिले, आणि दोघांचाही उजवा हात जरासा पुढे आला.

"ओ," चिऊ म्हणाली.

अण्णांनी पहिलं तिकीट बाजूला केलं.

"हं," कांचन म्हणाली.